'रॉन्ची' रोमँटिक कॉमेडी : चावट, आंबट की आणखी काही?

अनुवादिनी
एका लेखाचं भाषांतर हातात आहे. विषय असा, की रॉन्ची (raunchy, अंगप्रत्यंगाच्या उघड थट्टेची) रोमँटिक कॉमेडी होम व्हिडिओवर, म्हणजे घरी बघायच्या डिस्कवर, इतकी का चालते. दोन शब्दांपाशी गाडी अडली आहे. 'रॉन्ची'ला 'चावट' लिहिलं, तर संपादकांचा आक्षेप आला की चावट म्हणजे बोलण्यातला खट्याळपणा. या सिनेमांत कपडे उतरतात, ओकाऱ्या होतात, भलत्या वेळी दार उघडतं. 'अश्लील' लिहावं तर वाक्याचा सूरच बदलतो, कारण लेखकाला हे सिनेमे मनापासून आवडतात. दुसरा अडसर 'होम व्हिडिओ'चा. 'घरगुती व्हिडिओ' म्हणजे घरच्यांनी घरीच काढलेला, आणि शेजारी 'चावट' आलं की अर्थाचा पार अनर्थ होतो.

जुनाकोश
संपादकांचं बरोबर आहे. जुन्या मराठीत 'चावटी' म्हणजे वायफळ बडबड. संतवाङ्मयात तो शब्द त्याच अर्थाने येतो, शृंगाराचा त्याच्याशी संबंध नाही. आजही 'चावट' तोंडालाच जास्त चिकटलेला आहे: चावट बोलणं, चावट गाणं, फार तर चावट नजर.
'अश्लील' मात्र नेमका आहे. मूळ 'अश्रीर', म्हणजे श्री नसलेलं, अशोभन. काव्यशास्त्राने अश्लीलाचे तीन प्रकार केले आहेत: लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल. यातले पहिले दोन म्हणजे या सिनेमांचा अर्धा मसाला. उघडं पडण्याचा विनोद व्रीडेचा (लाजेचा), ओकारीचा विनोद जुगुप्सेचा (किळसेचा). इतकी नेटकी विभागणी हाताशी असताना नवा शब्द कशाला शोधायचा?

पूर्वपक्ष
कारण वाचक काव्यशास्त्रकार मम्मट वाचून लेख वाचायला बसत नाही. 'अश्लील' आता कायद्याचा शब्द झाला आहे. दंड संहितेच्या कलम 292 मध्ये होता, न्याय संहितेच्या 294 मध्ये आहे. तो उच्चारला की आरोप झालाच. 'रॉन्ची' या विशेषणात आरोप नाही. 'तुला आवडेल, जरा रॉन्ची आहे' अशी कौतुकाने शिफारस करता येते. 'तुला आवडेल, जरा अश्लील आहे' असं कोणी म्हणेल का?

सोपेलिहा
म्हणूनच 'आंबट'. 'आंबटशौकीन' सगळ्यांना कळतो आणि त्यात गुन्हा नाही, चव आहे. बाकीचे पर्याय मी असे बाद करेन: 'वात्रट' पोरालाही लावतात, त्यात शरीर नाही. 'पाचकळ' म्हणजे विनोद फसला, हा दर्जाचा निकाल झाला. 'अचकटविचकट'मध्ये बोलणं आणि हावभाव दोन्ही येतात, पण नापसंतीही येते. 'फाजील'चंही तेच.

जुनाकोश
'आंबटशौकीन' बघणाऱ्याला लावतात, सिनेमाला नाही. 'आंबट सिनेमा' म्हटलं की चोरून बघण्याचा सिनेमा डोळ्यांपुढे येतो, आणि रोमँटिक कॉमेडी उघडपणे, जोडीने बघितली जाते. शेवटी दोघं एकत्र येतात, हा या प्रकाराचा कणा आहे. तो 'आंबट'ने मोडतो.

तळओळ
मी उपशीर्षकांचं काम करतो, त्या बाजूने सांगतो. शब्द ठरवण्याआधी घरी बघताना वेगळं काय घडतं ते बघा.
विनोदी सिनेमा पूर्वखेळात प्रेक्षकांना दाखवून हसण्याच्या जागा मोजतात आणि संकलक तिथे श्वासभर जागा सोडतो, नाहीतर पुढचं वाक्य हशात बुडतं. भरल्या थिएटरात ती जागा भरून जाते, घरात एकटं बघताना रिकामी वाटते. तरीही घरी मजा वाढते, कारण बुडालेलं वाक्य मागे नेऊन ऐकता येतं, आणि लाजेचा प्रसंग कोण बघतंय याची चिंता न करता पुन्हा बघता येतो. थिएटरात माणूस शेजारच्याकडे बघून हसतो, घरी स्वतःच्या खुशीने.
उपशीर्षकात गोची वेगळी. ओळीला साधारण 42 अक्षरं, एका वेळी दोनच ओळी. विनोदाचा शेवट त्याच उपशीर्षकात आला, तर प्रेक्षक नटाच्या आधी वाचून हसून मोकळा होतो. म्हणून वाक्य तोडायचं आणि दुसरा तुकडा नटाच्या तोंडून शब्द निघेल त्याच चौकटीवर (फ्रेमवर) आणायचा. इथे 'चावट' तीन अक्षरांत बसतो, हेही काही कमी नाही.
डीव्हीडीवर आणखी एक अडचण येते. तिथे उपशीर्षक म्हणजे मजकूर नसतो, चार रंगांचं चित्र असतं. फाँट बारीक ठेवला की अनुस्वार आणि रफार गळतात, 'भांग'चा 'भाग' होतो. फाँट ठसठशीत ठेवा, बाजूची काळी कड जाड ठेवा.

अनुवादिनी
हे फार उपयोगी आहे. लेखात 'अनरेटेड' आवृत्तीचाही उल्लेख आहे. मी 'असेन्सॉर' लिहिलं आहे.

रीळ
ते काढा. अमेरिकेत 1968 पासून मानांकन आहे, सेन्सॉर नाही. निर्माता सिनेमा मानांकन मंडळाला दाखवतो. 'आर' मिळालं, तर 17 वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश. 1990 मध्ये 'एनसी-17' (17 आणि त्याखालच्यांना प्रवेशच नाही) आलं, पण ते चिकटलं की बऱ्याच थिएटरांची दारं बंद होतात. म्हणून 'आर'च्या मर्यादेत बसेल इतकं कापून थिएटरात लावतात. डिस्कवरची वाढीव आवृत्ती मंडळाकडे पुन्हा पाठवतच नाहीत, म्हणून ती 'अनरेटेड'. अर्थ इतकाच. वेष्टनावर मात्र तो शब्द असा छापतात, की आत काहीतरी भयंकर दडलंय असं वाटावं.
प्रत्यक्षात वाढलेली मिनिटं बहुधा संवादांची असतात, नग्नतेची नाही. 2005 च्या 'द फॉर्टी-इयर-ओल्ड व्हर्जिन'ची थिएटरमधली लांबी 116 मिनिटं, वाढीव आवृत्ती सुमारे 133. उत्स्फूर्त बोलण्यावर चालणाऱ्या अशा सिनेमांत एकाच प्रसंगाचे अनेक टेक असतात, आणि कापलेला विनोद डिस्कवर परत येतो. माझ्या मते घरच्या आवृत्तीची खरी ओढ हीच आहे.

पूर्वपक्ष
म्हणजे वाढतं ते बोलणंच! मग 'चावट' योग्य ठरला की नाही?

जुनाकोश
वाढीव आवृत्तीपुरता. मूळ सिनेमातल्या ओकारीचं काय?

सोपेलिहा
'अनरेटेड'ला 'अप्रमाणित'ही नको, तो खोट्या मालाला लावतात. 'विनामानांकन' चालेल.

पूर्वपक्ष
'विनामानांकन' कोण बोलतं? 'अनरेटेड' देवनागरीत राहू द्या. 'होम व्हिडिओ'सुद्धा तसाच. 'गृहचित्रफीत' सुचवणाऱ्यांनी आधी डिस्कमध्ये फीत कुठे असते ते सांगावं.

तळओळ
वाढीव आवृत्तीला थिएटरची उपशीर्षकं लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. सगळ्या वेळा सारख्या पुढे ढकलून भागत नाही. प्रत्येक वाढीव प्रसंगानंतर फरक नव्याने वाढतो, म्हणून तिथे तिथे तोडून उरलेला भाग सरकवावा लागतो. पण फरक हळूहळू, सारख्या गतीने वाढत असेल तर कारण वेगळं: सेकंदाला 24 चौकटींचा सिनेमा 'पाल' (PAL) या टीव्ही-पद्धतीच्या डिस्कवर 25 ने धावतो. दोन तासांचा सिनेमा 115 मिनिटं 12 सेकंदांत संपतो. तिथे प्रत्येक वेळेला 0.96 ने गुणायचं.

अनुवादिनी
लेखात संवादांचे नमुनेही आहेत. त्यातले दोघं एकमेकांना 'तू' म्हणतील की 'तुम्ही'?

सोपेलिहा
ओळख होईपर्यंत 'तुम्ही', मग 'तू'.

रीळ
या प्रकारात क्रमच उलटा असतो. आधी रात्र, मग ओळख. रात्री 'तू' आणि सकाळी नाव आठवत नसताना 'तुम्ही' केलंत, तर इंग्रजीत नसलेला एक विनोद मराठीला आपसूक मिळतो.

जुनाकोश
मूळात नसलेला विनोद घालायचा अधिकार अनुवादकाला दिला कोणी? मराठीत तिसरी वाट आहे. क्रियापदाचा पुरुषच टाळायचा: 'कॉफी चालेल?', 'निघायचं का?' सकाळच्या अवघडलेपणाला हेच शोभतं.

तळओळ
शिवाय दोन शब्दांत मावतं.

पूर्वपक्ष
चार वाक्यं चालेल, पाचव्याला लपवाछपवी वाटायला लागते. नायिका चिडली की तिला 'तू' म्हणावंच लागेल.