ऑफिस + कच्च्या रस्त्यासाठी हायब्रिड सायकल, मदत हवी आहे

मंडळी, रोज ऑफिसला जायला हायब्रिड (रोड सायकल आणि माउंटन बाइकच्या मधली) सायकल घ्यायचीये आणि सुट्टीच्या दिवशी जरा कच्च्या रस्त्यावर, शेतातल्या वाटांवर वगैरे फिरवायचीये. उड्या मारणं, दगडधोंड्यातून उतरणं असलं काही नाही, त्यामुळे एमटीबी (माउंटन बाइक) नको, डांबरी रस्त्यावर ते जाड गुटके असलेले टायर नुसते ओढत बसावं लागतं.

मुख्य घोळ पुढच्या सस्पेन्शनचा आहे. बऱ्याच हायब्रिडना ६३ मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा) कॉइल फोर्क (पुढचं चाक धरणारा, स्प्रिंगवाला चिमटा) असतो पण स्वस्तातला असला की वजन वाढतं आणि चढावर उभं राहून पेडल मारलं की सगळा जोर त्यातच जातो, लॉकआउट (सस्पेन्शन हवं तेव्हा बंद करायची सोय) असेल तर ठीक. मला वाटतं त्यापेक्षा साधा रिजिड (सस्पेन्शन नसलेला) फोर्क आणि ७००×४० च्या आसपासचे (साधारण ४० मिमी रुंद) टायर, हवा जरा कमी ठेवली की खडीवर तेवढं पुरतं. की माझं चुकतंय? रोज रिजिड चालवणाऱ्यांनी सांगा, मनगटं दुखतात का?

ब्रेक डिस्कच हवेत, पावसात रिम ब्रेकवर (चाकाच्या रिमला घासणाऱ्या) माझा भरवसा नाही. पण हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) घेऊ की केबलवाले? केबलवाले घरी जमतात, हायड्रॉलिकचं ब्लीडिंग (तेलातली हवा काढणं) मला झेपेल असं वाटत नाही.

गिअर पुढे ३ चकत्यांचे नकोत, १ किंवा २ बस. मागे कॅरिअर आणि मडगार्ड लावायला फ्रेमला भोकं हवीतच, लॅपटॉपची बॅग पाठीवर घेऊन घामाघूम व्हायचं नाहीये.

आणि हो, उंची ५ फूट ७ इंच, मीडियम फ्रेम बसेल ना?