१२ इंची सबवूफरला (खर्जाचा स्पीकर) पेटी किती लिटरची?

निपाणी_१२: घरच्या हॉलसाठी बंद पेटी करायची आहे. स्पीकरच्या कागदावर एफएस (स्वतःची कंपनसंख्या) २८ हर्ट्झ, क्यूटीएस (कंपन किती आवरलं जातं त्याचा आकडा) ०.४५, व्हीएएस (स्पीकरच्या लवचिकतेइतकी हवा) ५० लिटर. सुतार म्हणतोय दीड फुटाचा चौकोनी डबा करू. चालेल का?

बेसवाला: नको. १८ मिमी प्लाय धरला तरी आत जवळजवळ ७५ लिटर होतात. एवढ्या हवेत कोनला (स्पीकरचा हलणारा पडदा) आवर राहत नाही, आवाज वाढवला की त्याला जोडलेली तारेची कॉइल मागे आपटते. पेटीत बसवल्यावर क्यू ०.७०७ व्हावा, म्हणजे बेस सपाट येतो. म्हणून ०.७०७ ला ०.४५ ने भागा, वर्ग करा, १ वजा करा: १.४७. ५० भागिले १.४७ म्हणजे ३४ लिटर. त्यात स्पीकरच्या मागच्या भागाचे ३ आणि आधारपट्टीचे पाऊण लिटर मिळवा. आतून ४०×३५×२७ सेमी. सुताराला ‘आतून’ दोनदा सांगा!

खानापूर_प्लाय: एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) टाळा, आमच्याकडच्या पावसात कडा फुगतात. मरीन प्लाय घ्या. सांध्यांना आतून सिलिकॉन, २४ तास वाळल्यावरच स्पीकर बसवा. मग ३० हर्ट्झचा सूर लावून सांध्यांवरून उदबत्ती फिरवा. धूर थरथरला तिथे गळती. बहुधा वायरच्या टर्मिनलपाशीच सापडते.

निपाणी_१२: पोर्ट (पेटीतून हवा बाहेर काढणारी नळी) ठेवला तर?

बेसवाला: क्यूटीएस ०.४५ ला बंदच बरी. पोर्टचं गणित वेगळं, हे ३४ लिटर तिथे लावू नका.