डुब्रोव्हनिक: जुन्या गावात राहायचं की लापादला? (शुक्रवारपर्यंत उत्तर हवं)

प्रेषक: अनघा (सहल)

मंडळी,

क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकच्या सहलीसाठी बघितलेले ग्रुझचे (तिथल्या बंदराकडच्या वस्तीतले) फ्लॅट गेले. मालकाने परस्पर दुसऱ्यांना दिले. आता दोनच पर्याय उरलेत:

अ) जुन्या गावात, प्रियेको गल्लीच्या वरच्या अंगाला. एका घरात तीन फ्लॅट, समोरच्या घरात एक.

ब) लापादला, म्हणजे जुन्या गावाबाहेरच्या उपनगरात, अपार्टमेंट हॉटेल. लिफ्ट आहे, बसथांबा जवळ.

अ बराच महाग आहे. दोन्हीकडचं धरून ठेवलेलं आरक्षण शुक्रवारी रात्री सुटतं आणि हाफ टर्मचा (शाळांच्या सुट्टीचा) आठवडा असल्यामुळे कोणी थांबायला तयार नाही. फक्त "अ" किंवा "ब" लिहून पाठवा. चर्चा लिस्बनच्या वेळी झाली तेवढी पुरे.

अनघा

---

प्रेषक: श्रीरंग

अ.

(आणि थोडी चर्चा, क्षमस्व.) डुब्रोव्हनिकला जाऊन लापादला राहणं म्हणजे नक्की काय बघायला जायचं? दिवसभर जुन्या गावात क्रूझवाल्यांची झुंबड असते. २०१९ पासून एका वेळी दोनच जहाजं आणि चार हजार प्रवासी अशी मर्यादा घातली आहे, तरी दुपारी स्त्रादुनवर, म्हणजे मुख्य रस्त्यावर, खांद्याला खांदा लागतो. संध्याकाळी ती मंडळी जहाजावर परततात आणि मग खरं गाव दिसायला लागतं. सकाळी सातला गुंदुलिच चौकात भाजीवाल्या टेबलं मांडत असतात, त्या वेळी तुम्ही लापादला बसची वाट बघणार?

शिवाय ही घरंसुद्धा बघण्यासारखी आहेत. १६६७ च्या भूकंपात गाव कोसळलं, त्यानंतर रागुझा (डुब्रोव्हनिकचं जुनं नाव) प्रजासत्ताकाने स्त्रादुनवरची घरं एकाच नमुन्याची बांधून घेतली. खाली दुकान, वर राहायची जागा, आणि स्वयंपाकघर सगळ्यात वर, म्हणजे आग लागली तर खालचं घर वाचावं. अशा गावात मुक्काम करायला मिळतोय तर दोन पैसे जास्त द्यावेत.

श्रीरंग

---

प्रेषक: वैशाली

श्रीरंग, तू तिथे राहिला आहेस की वाचून सांगतोयस?

आम्ही राहिलो आहोत, प्रियेकोच्याच वर. स्त्रादुन तळाशी आहे, एकदम सपाट. तिथून उत्तरेकडे निघणाऱ्या सगळ्या गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. प्रियेकोपर्यंत अर्ध्या, आणि तिथून तटाखालच्या पेलिने गल्लीपर्यंत पुन्हा तेवढ्याच. घराच्या दारापर्यंत ही जेजुरी, आणि दारातून आत शिरलं की अरुंद जिना वेगळाच. पाऊस पडला की दगड असा निसरडा होतो की बोलायची सोय नाही. शेकडो वर्षं माणसं चालून चालून तो आरशासारखा झाला आहे.

जाहिरातीत "स्त्रादुनपासून १०० मीटर" लिहिलेलं असतं. ते खरंच असतं, फक्त ते मीटर उभे असतात. कुठलंही घर घेताना एवढंच विचारा: रस्त्यावर टॅक्सी जिथे थांबते तिथून पलंगापर्यंत पायऱ्या किती? मालक "थोड्याच" म्हणाला तर आकडा मागा.

दक्षिणेकडे, गुंदुलिच चौकाच्या आसपास, बरंचसं सपाट आहे. तिकडे एखादी खोली मिळाली तर अ लाही माझी हरकत नाही. पण अनघाने दिलंय ते घर वरचं आहे. म्हणून ब.

वैशाली

---

प्रेषक: मोहनकाका

सर्वांस नमस्कार.

वैशालीच्या मुद्द्याला दुजोरा. माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं सर्वांना ठाऊक आहे, त्यावर पुन्हा लिहीत नाही. परंतु आम्ही सहल समितीत असताना मुक्कामाची जागा समितीतला एकजण आधी जाऊन बघून येत असे. आता सगळं फोटोवर ठरतं. फोटोत पायऱ्या फार सुरेख दिसतात, कुंड्या ठेवलेल्या असतात.

सामानाचं काय? जुन्या गावात वाहन येत नाही. टॅक्सी पिले दरवाज्यापाशी सोडणार. तिथून पूल, दरवाजा, उतार, ओनोफ्रिओचं कारंजं, स्त्रादुन, आणि मग चढ. बॅगा कोण उचलणार? लिस्बनला कोणी उचलल्या ते मी इथे लिहीत नाही.

मत: ब.

मोहन

---

प्रेषक: श्रीरंग

> टॅक्सी पिले दरवाज्यापाशी सोडणार

काका, त्या घरासाठी पिलेला उतरायचंच नाही. उत्तरेच्या तटात बुझा नावाचा छोटा दरवाजा आहे, केबलकारच्या स्टेशनच्या खाली. तटाबाहेरच्या रस्त्यापर्यंत गाडी येते. तिथून आत शिरलं की आपण वर असतो आणि घर खाली. बॅगा उतरवायच्या, चढवायच्या नाहीत.

---

प्रेषक: वैशाली

बॅगा एकदा उतरतील. माणसं रोज चढतील.

---

प्रेषक: सुलभाताई

मला अ-ब कळत नाही, मला स्वयंपाकघर कळतं. श्रीरंगने लिहिलंय की स्वयंपाकघर सगळ्यात वरच्या मजल्यावर. अजूनही तसंच आहे का? पंधरा माणसांचा चहा घेऊन कोण उतरणार?

दोन्हीकडे शेगडी कसली आहे तेही कोणीतरी विचारा. इंडक्शन असेल तर माझा मोठा हिंडालियमचा कुकर चालत नाही, स्टीलचा न्यावा लागेल आणि तो गेल्या गणपतीपासून मंडळाच्या कपाटात आहे. किल्ली कोणाकडे आहे?

तिकडे शाकाहारी लोकांना फार काही मिळत नाही असं ऐकलं. भडंग, मेतकूट आणि तांदूळ मी घेते. बाकीच्यांनी कृपया परत परत चिवडा आणू नये.

सुलभा

---

प्रेषक: वैशाली

ताई, "ब्लित्वा" म्हणून एक पालेभाजी मिळते, उकडलेल्या बटाट्याबरोबर, लसूण आणि ऑलिव्ह तेल घालून. मासळीबरोबर देतात, पण नुसती मागितली तरी आणतात. वरून तुमचा ठेचा घेतला की जेवण झालं. खाणाऱ्यांसाठी स्टोनचे कालव आणि काळा रिसोटो.

---

प्रेषक: केदार

खाण्यावर येण्याआधी व्हिसा. मी हे मागच्या बैठकीत सांगितलं होतं, इतिवृत्तात आलेलं नाही.

१ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, आहे (युरोही त्याच दिवशी आला). आपल्यातल्या भारतीय पासपोर्टवाल्यांना शेंगेन व्हिसा काढावा लागेल आणि अर्जासोबत प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा लागतो. त्यामुळे "नंतर बघू" चालणार नाही. आरक्षणाच्या कागदावर अर्जदाराचं नाव हवं. एका माणसाच्या नावावर चार फ्लॅट घेतले तर बाकीच्यांनी काय जोडायचं? हॉटेल प्रत्येकाच्या नावाचं पत्र देऊ शकतं. खासगी घराचा मालक देईल का, अनघाने लेखी घ्यावं. आणि व्हिसा नाकारला तर पैसे परत मिळतील असंच आरक्षण हवं.

ज्यांचे आईवडील इथे व्हिजिट व्हिसावर आले आहेत त्यांच्यासाठी: अर्ज साधारणपणे आपण जिथले रहिवासी त्या देशातून करायचा असतो. आजी-आजोबांना इथे आल्यावर "चला, जाऊन येऊ" म्हणता येणार नाही.

कोटोर (मॉन्टेनेग्रो) किंवा मोस्तारची (बोस्निया) एक दिवसाची सहल ठरणार असेल तर ती दोन्ही शेंगेनबाहेर आहेत. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर बाहेर पडल्यावर परत आत येता येणार नाही.

मला अ काय, ब काय, सारखंच. कागद हवेत.

केदार

---

प्रेषक: मोहनकाका

केदारच्या पत्रावरून आठवलं. आम्ही स्प्लिटहून गाडीने आलो तेव्हा वाटेत नेउमला बोस्निया लागायचा, दोनदा पासपोर्ट तपासायचे. सौ.चा पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत, बॅग सगळ्यात खाली. मागच्या गाड्यांनी जे भोंगे वाजवले! आता पेल्येशात्सचा पूल झाला आहे (२०२२) म्हणून ती कटकट गेली म्हणतात.

मोहन

---

प्रेषक: विनायक (खजिनदार)

दोन गोष्टी.

१. अनामत भरण्याआधी खजिनदाराला विचारायचं असतं. मला हा विषय या मेलवरून कळतो आहे.

२. अ घेतला तर चार फ्लॅटचे वेगवेगळे दर निघतात. वरचा देखाव्याचा फ्लॅट कोणाला आणि अंधारा कोणाला, आणि दोघांनी सारखेच पैसे का द्यायचे, हा हिशेब मी करणार नाही. ब मध्ये सगळ्या खोल्या एका दराच्या आहेत.

विनायक

---

प्रेषक: अनघा (सहल)

विनायक, अनामत अजून भरलेली नाही, आरक्षण फक्त धरून ठेवलंय. पहिल्या मेलमध्ये तसंच लिहिलं आहे.

कपाटाची किल्ली दत्ताकडे.

---

प्रेषक: संज्योत

मी येत नाहीये, पण एक सुचवते. त्सावतात बघितलंत का? चिलिपी विमानतळाच्या जवळ आहे, समुद्राकाठचा रस्ता सपाट, आणि तिथून बोट थेट डुब्रोव्हनिकच्या जुन्या बंदरात लागते. काकांचा गुडघा आणि श्रीरंगचं जुनं गाव, दोघांची सोय.

आणि श्रीरंग, तुला ठाऊक असेल, पण बाकीच्यांसाठी: डुब्रोव्हनिकचे रक्षक संत व्लाहो, म्हणजेच आमच्या गोव्याकडचे साव ब्रास. आमच्या माशेलजवळ, कुंभारजुव्याच्या पलीकडे, गवंडाळीला त्यांची इगर्ज (चर्च) आहे. तिचं नातं रागुझाहून आलेल्या लोकांशी सांगतात. डुब्रोव्हनिकला त्यांच्या चर्चमध्ये मुख्य वेदीवर हातात गावाची प्रतिकृती धरलेला जो संत आहे, तो तोच. माझ्यातर्फे हात जोडा.

संज्योत

---

प्रेषक: श्रीरंग

गवंडाळीचं वाचलं होतं, पण तू माशेलची हे लक्षात नव्हतं. यावर दिवाळी अंकासाठी लिही ना, पाच पानं राखून ठेवतो.

त्सावतातबद्दल मात्र सांगतो. १३७७ साली रागुझाने नियम केला होता की साथीच्या मुलखातून येणाऱ्याने गावात पाऊल ठेवण्याआधी एक महिना मर्कान बेटावर नाहीतर त्सावतातला काढायचा. बाहेरच्यांना त्सावतातला ठेवायची कल्पना जुनीच आहे. आपल्याकडे महिना नाही, एकच आठवडा आहे. वारा सुटला की बोटी बंद पडतात, मग बसच.

आणि एक गंभीर मुद्दा. १९९१ च्या युद्धाआधी जुन्या गावात पाचेक हजार लोक राहायचे, आता पंधराशेच्या आसपास उरले आहेत. बाकी घरं आपल्यासारख्यांना भाड्याने दिली आहेत. हे लिहिल्यावर माझाच "अ" जरा लंगडा पडतो, पण तरी अ.

श्रीरंग

---

प्रेषक: मोहनकाका

दिवाळी अंकाची पानं संपादक मंडळ ठरवतं. श्रीरंग सध्या त्यात नाही.

---

प्रेषक: वैशाली

अंकाचा विषय दुसऱ्या मेलवर घ्या बघू.

त्सावतात छान आहे, पण तरुण मुलांना रात्री परत यायचं अवघड. लापादहून पिले दरवाज्यापर्यंत ६ नंबरची बस जाते, वीसेक मिनिटं. तिकीट बसमध्ये घेतलं तर महाग पडतं, टपरीवर आधी घ्या. त्याहून बरं म्हणजे डुब्रोव्हनिक पास: त्यात तटाचं तिकीट आणि बस दोन्ही येतात. नुसतं तटाचं तिकीटच इतकं महाग आहे की पासच परवडतो.

लापादला गाड्या नसलेला एक लांब सपाट रस्ता आहे, झाडांच्या सावलीतून थेट किनाऱ्यापर्यंत. दुपारी तट चढवत नसेल त्यांनी तिथे बाकावर बसावं. तट जवळजवळ दोन किलोमीटर आहे, सावली नाही, आणि एकाच दिशेने फिरावं लागतं. मेच्या शेवटी सकाळी उघडल्या उघडल्या जायचं. श्रीरंगला सकाळचं गाव बघायचं असेल तर त्यानेही पहिली बस पकडावी.

एक मात्र: लापादलाही डोंगरउतारावरची घरं पायऱ्यांचीच असतात. अनघा, हॉटेलची लिफ्ट रस्त्यापासून सुरू होते की पायऱ्या चढून गेल्यावर? विचारून घे.

---

प्रेषक: अनघा (सहल)

विचारलं. दारापर्यंत उतरता रस्ता आहे, लिफ्ट स्वागतकक्षापासून. प्रत्येकाच्या नावाचं पत्र देतील. व्हिसा नाकारल्याचा कागद दाखवला तर पैसे परत, मुक्कामाच्या दोन आठवडे आधीपर्यंत. हे सगळं लेखी आलं आहे, केदारला पुढे पाठवते. जुन्या गावातल्या मालकाने "पायऱ्या किती" या प्रश्नाला हसरा चेहरा पाठवला आहे.

तर ब. आज रात्री पक्कं करते, विनायक, तुझा होकार आल्यावर.

ज्यांना जुन्या गावातच राहायचं आहे (श्रीरंग, आणि खासगीत लिहिलेले दोघे) त्यांनी आपापलं घ्यावं. संध्याकाळी भेटू. त्यांचे पैसे मंडळाच्या खात्यावर भरू नयेत.

---

प्रेषक: विनायक (खजिनदार)

होकार. पैसे भरताना संदर्भात आडनाव लिहा. मागच्या वेळी तिघांनी "सहल" एवढंच लिहिलं होतं, त्यातल्या एकाचा अजून पत्ता लागलेला नाही.

---

प्रेषक: सुलभाताई

शेगडीचं विचारलंस का?

---

प्रेषक: अनघा (सहल)

इंडक्शन. दत्ता, किल्ली.