स्टेपमेनिया: सॉफ्ट पॅडवर लेव्हल ८ च्या पुढे गाडी जात नाही

तालवेडा: स्टेपमेनिया म्हणजे गाण्याच्या तालावर पायाने बाण दाबायचा नाचाचा गेम. लॅपटॉप टीव्हीला जोडलाय, साधा सॉफ्ट पॅड (बाण छापलेली मऊ चटई), खाली टाइल्स. १ ते २० च्या मापावर लेव्हल ७ आरामात निघते. ८-९ ला १५० बीपीएमच्या (मिनिटाला ठोके) आसपास निळ्या, म्हणजे अर्ध्या ठोक्यावरच्या बाणांची रांग लागली की पाय अडकतात, कॉम्बो (सलग बरोबर स्टेपची मोजणी) तुटतो. सोप्या गाण्यांतसुद्धा पर्फेक्टपेक्षा ग्रेट (त्याच्या खालचा दर्जा) जास्त. स्पीड (पडद्यावर बाण सरकण्याचा वेग) १एक्स. नक्की कशावर मेहनत घेऊ?

चवडा_टाच: पाय दर स्टेपनंतर मधल्या चौकोनात परत नेताय का? बहुतेक तेच होत असणार. १५० ला निळे बाण म्हणजे सेकंदाला ५ स्टेप, दोन बाणांत २०० मिलिसेकंद. मध्ये परतायचं तर तेवढ्या वेळात प्रत्येक पायाच्या हालचाली दुप्पट होतात. पाय दाबलेल्या बाणावरच राहू द्या, पुढचा बाण दुसऱ्या पायाने. डावा-उजवा आलटून पालटून गेलं की प्रत्येक पायाला ४०० मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढे भरपूर झाले. दाब चवड्याने, गुडघे किंचित वाकलेले. पाय उचलून आपटू नका, त्याने वेगही जातो आणि पॅडही.

सरावाला तेच गाणं रेट (गाणं वाजण्याचा वेग) ०.८ वर लावा, म्हणजे १५० चं १२० होईल. एकही डबल-स्टेप (लागोपाठ दोन बाण एकाच पायाने) न होता सलग दोनदा निघालं की ०.९.

निळा_बाण: ग्रेटचं कारण वेगळं दिसतंय. नेहमीच्या जज ४ वर (वेळ किती काटेकोर मोजायची त्याचं सेटिंग) पर्फेक्टची खिडकी ±४५ मिलिसेकंद, ग्रेटची ±९०. टीव्हीच चित्र उशिरा दाखवत असेल तर पाय बरोबर पडूनही ग्रेट येतो. टीव्ही गेम मोडवर टाका, आवाज वायरने घ्या. ब्लूटूथ अजिबात नको. मग फक्त लाल (पूर्ण ठोक्यावरच्या) बाणांचं सोपं गाणं लावून एफ६ दोनदा दाबा. ऑटोसिंक मशीन (वेळ आपोआप जुळवणारी सोय) सुरू होतं, शेवटी सेव्ह करा. कठीण गाण्यावर हे केलं तर तुमच्या चुकाच ऑफसेटमध्ये (जुळवलेल्या वेळेच्या फरकात) बसतात.

१एक्सवर बाण एकमेकांना खेटून येतात, डोळ्यांना सुटे करता येत नाहीत. सी३०० (बाणांचा कायम एकसारखा वेग) पासून सुरू करा, दर आठवड्याला २५ ने वाढवा.

तालवेडा: पाय आलटून पालटून टाकले, पण डावा-खाली-उजवा आलं की गोंधळ. उजव्या बाणावर डावा पाय कसा न्यायचा?

चवडा_टाच: तोच क्रॉसओव्हर. डावा पाय डाव्यावर, उजवा खालच्यावर, मग डावा पाय उजव्या पायाच्या पुढून उजव्या बाणावर. कंबर आधी उजवीकडे वळली पाहिजे. छाती टीव्हीकडेच ठेवली तर पाय पोचणार नाही. मधला बाण वरचा असेल तर डावा पाय मागून जातो, कंबर डावीकडे. गाणं न लावता डावा-खाली-उजवा-खाली-डावा ही साखळी २० वेळा, मग आरशातली उलटी बाजू. उजव्या पायाने सुरू होणारी बाजू बहुतेकांची कच्ची असते, तिला जास्त वेळ द्या.

प्लायवाला: टाइल्सवर पॅड सरकतोच, आणि सुरकुती पडली की आतले दोन थर चिकटून बाण आपोआप दाबले जातात. पॅडपेक्षा चार बोटं मोठा १२ मिमी प्लाय घ्या, पॅड ताणून डबल टेपने चिकटवा, प्लायखाली रबरी मॅट. खालच्या मजल्यावर धपधपही कमी जाते. ठेवताना घडी नको. प्लायसकट भिंतीला उभा करा.