सफरचंदाचा पॅनकेक ओव्हनमध्ये फुगतच नाही

उलथनं:
ओव्हनमधला फुगणारा पॅनकेक, ज्याला डच बेबी म्हणतात, तो सफरचंद घालून दोनदा केला. दोन्ही वेळा कडा जेमतेम बोटभर वर आल्या आणि मधे नुसता गिचका. ३ अंडी, अर्धा कप मैदा, अर्धा कप दूध, चिमूटभर मीठ. दोन मोठी सफरचंदं बटर-साखरेत परतली, वर मिश्रण ओतलं आणि १८० अंशांवर २५ मिनिटं ठेवलं. दुसऱ्यांदा चमचाभर बेकिंग पावडरही घातली, तरी ढिम्म. रविवारी पाहुणे आहेत आणि मी आधीच बढाया मारून बसलेय.

खरपूस:
बेकिंग पावडर विसरा. हा फुगतो वाफेवर. दूध-अंड्यातल्या पाण्याची झपाट्यानं वाफ व्हायला हवी आणि ती निसटायच्या आत अंडं आवळून यायला हवं. १८० ला ते होत नाही, २२० ठेवा. सफरचंद ओव्हनमध्ये चालणाऱ्या जड पॅनमध्येच परता आणि पॅन गरम असतानाच मिश्रण ओता. चर्र वाजलं पाहिजे. नाही वाजलं तर ओतू नका, परत तापवा. अंडी-दूध फ्रिजमधून तासभर आधी काढा.

बटरबोट:
मला सफरचंदाचाच संशय. २५ सेंमीच्या पॅनला एक पुरे, दोनांच्या ओझ्याखाली बिचारा उठणार कसा? काप पातळ करा, सुटलेला रस आटवा आणि काठाला दोन बोटं जागा मोकळी सोडा, कारण चढतो तो काठावरूनच. आंबटसर, घट्ट जातीचं सफरचंद घ्या, मऊ असलं की लगदा होतो. आणि खरं सांगा, मधे दार उघडून बघत होता ना?

उलथनं:
हो. तीनदा. :(

खरपूस:
मग झालंच की! पहिली १५ मिनिटं काचेतूनच बघायचं.

उलथनं:
आज रंगीत तालीम केली. २२०, एकच सफरचंद, १८ मिनिटं, दाराला हात नाही. पॅनच्या वर चांगला चार बोटं आला! पण टेबलावर ठेवेपर्यंत बसला. आता काय चुकलं?

बटरबोट:
काही नाही. बाहेर काढला की वाफ गेली, तो बसणारच. कडा कुरकुरीत आणि मधे मऊ असेल तर जमला. पाहुण्यांना आधी टेबलाशी बसवा, मग ओव्हन उघडा. पिठीसाखर आणि लिंबू तिथेच.