स्कॅफोल्ड: सांगाडा, परांची की मांडव?

निशिगंध: टिश्यू इंजिनिअरिंगवरचा, म्हणजे पेशींपासून शरीराचे भाग घडवण्यावरचा, लेख मराठीत करतेय आणि 'स्कॅफोल्ड'पाशी अडलेय. पेशींना वाढायला आधार देणारी जाळी ती. 'सांगाडा' लिहिलं की डोळ्यांपुढे हाडंच येतात. दुसरं काही सुचतंय?

बाराखडी: परांची! काम होईपर्यंत बांबू, मग खाली. भाजलेल्या त्वचेसाठी शल्यविशारद बर्क आणि अभियंते यानास यांनी १९८१ साली मांडलेलं आवरण बघा. गाईच्या कातड्यातलं कोलॅजेन (कातड्याला बळकटी देणारं प्रथिन), शार्कच्या कूर्चेतला एक घटक, वर सिलिकॉनचा पापुद्रा. जाळीत रुग्णाच्याच पेशी शिरतात, स्वतःचं कोलॅजेन घालतात, तोवर मूळ जाळी विरत जाते. सिलिकॉन मागाहून काढतात.

रानवेल: गवंडी परांचीवर बाहेरून चढतो हो, इथे पेशी आत राहायला येतात. मांडव म्हणा.

बाराखडी: वेल वाळला तरी मांडव उभाच की!

जुना_वैद्य: साचा, असं कुणी म्हणायच्या आत सांगतो, नको. गणपतीचा साचा फक्त आकार देतो. इथे भोकं महत्त्वाची. रक्तवाहिनीपासून ०.१-०.२ मिलिमीटरपलीकडच्या पेशीला प्राणवायू पुरत नाही. म्हणून त्वचा आणि कूर्चा आधी जमली, मूत्रपिंडासारखे जाड, रक्ताने भरलेले अवयव मागे राहिले. १९९७ साली गाजलेला, पाठीवर कान असलेला उंदीर आठवतोय? आत गाईच्या कूर्चेच्या पेशी होत्या. जाळीचा मुख्य धागा पॉलिग्लायकोलिक आम्लाचा, विरघळणाऱ्या टाक्यांत असतो तोच. (ऐकायचं काम त्या कानाला नव्हतंच, पण फोटोने जग हादरलं.)

रानवेल: ठीक, मांडव मागे घेतला. पण 'टिश्यू'ला 'ऊतक' नका लिहू बुवा, ते हिंदी. पाठ्यपुस्तकात आपलं 'ऊती' आहे. मात्र 'ऊती अभियांत्रिकी' म्हटलं की आमच्या जळगावकडे टिश्यू कल्चरची केळीच आठवणार!

बाराखडी: ऊती म्हणजे मुळात विणणं. 'ओतप्रोत'मधला 'ओत' त्याच धातूचा. टिश्यूसुद्धा फ्रेंचमधल्या 'विणलेलं' या शब्दावरून आलाय.

निशिगंध: मग झालंच! कापड 'विरतं' म्हणतो ना आपण, तसं पहिल्यांदा 'विरती परांची' लिहिते, पुढे नुसती 'परांची'. केळीवाल्यांसाठी एक ओळ आधीच टाकते. संपादकांनी त्याचा परत 'सांगाडा' केला तर इथेच येऊन रडेन.

जुना_वैद्य: या, रुमाल तयार ठेवतो. विणलेलाच.