विषय: दारावरच्या नियमाचा मसुदा (नकाब, मास्क, ओळख)

प्रेषक: सहसचिव, कार्यकारिणी

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

मागच्या कार्यक्रमाला दारावर जो प्रकार झाला तो आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला. एका सभासद भगिनीबरोबर आलेल्या बाईंच्या चेहऱ्यावर नकाब होता, म्हणून सभागृहाच्या सुरक्षारक्षकाने त्यांना आत सोडले नाही. त्या काही न बोलता परत गेल्या. पुन्हा असा प्रसंग नको, म्हणून कार्यकारिणीने एका ओळीचा नियम सुचवला आहे: 'सुरक्षेच्या कारणास्तव, चेहरा झाकलेल्या व्यक्तीस प्रवेश नाही.' यात कोणत्याही धर्माचे नाव नाही. नियम सर्वांना सारखा. नोव्हेंबर २०१३ मध्ये लंडनला पोलिसांच्या नजरेखालचा एक दहशतवादाचा संशयित बुरखा घालून मशिदीतून निसटला होता, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे लहान मुले असतात. हरकत असल्यास रविवारपर्यंत कळवावी.

प्रेषक: एक सभासद
उत्तर: दारावरच्या नियमाचा मसुदा

काका, नमस्कार.

त्या बाई माझ्या शेजारीण, तेव्हा पहिली हरकत माझी. रक्षकाला मी दोष देत नाही. अशा वेळी काय करायचं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून त्याला सुचलं ते त्यानं केलं. पण त्याला घाईत सुचलेलं आता आपण बैठकीत बसून, विचार करून, नियम म्हणून लिहितोय. ते मला पटत नाही.

मी नऊ वर्षं परीक्षांना पर्यवेक्षक म्हणून जाते. दाराशी ओळखपत्र आणि चेहरा जुळवायचा, मग बाकावर पाठवायचं. नकाबातली मुलगी आली की मला हाक मारतात. कोपऱ्यात एक आडोसा असतो, त्यामागे आम्ही दोघीच जातो. गेल्या परीक्षेतल्या मुलीनं मानेमागची गाठ सोडली, दोन टाचण्या ओठांत धरल्या आणि कापड हनुवटीखाली ओढलं. नाकाच्या वरच्या बाजूला कापडाच्या काठाचा बारीक वळ उठला होता. मी कार्डावरचा फोटो पाहिला, तिच्या भुवया, जिवणी, हनुवटी पाहिली, तिची सही घेतली. तिनं टाचण्या पुन्हा जागेवर लावल्या. अर्धं मिनिट लागलं असेल. ती कोण आहे याबद्दल मला शंका उरली नाही, आणि पुढचे तीन तास तिनं चेहरा उघडा ठेवून ही खात्री काही वाढणार नव्हती.

आम्हाला खरी धास्ती असते ती कानात बसणाऱ्या इवल्याशा ब्लूटूथची. मोकळे केस सोडलेल्या मुलीच्या कानातही तो लपतो. म्हणून आम्ही कान सगळ्यांचेच पाहतो. कशाची भीती आहे हे आधी नीट ठरवलं की काय तपासायचं ते कळतं. तुमच्या मसुद्यात 'सुरक्षा' हा शब्द आहे, पण भीती कशाची ते कुठेच नाही. कोणी वस्तू लपवून आणेल ही भीती असेल तर पिशव्या आणि जाड कोट तपासा, माझाही तपासा. भलतंच माणूस आत शिरेल ही भीती असेल तर चेहरा एकदा पाहा.

लंडनचं उदाहरण खरं आहे. त्यातून एवढंच निघतं की नकाबातलं माणूस कोण आहे हे बघितलं पाहिजे. त्याला दारातूनच परत लावावं, हे त्यातून निघत नाही. दुसरीकडे श्रीलंकेत २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टर हल्ल्यांनंतर आठवड्याभरात, आणीबाणीच्या अधिकारात, चेहरा झाकण्यावर बंदी आली. सीसीटीव्हीत दिसलेले हल्लेखोर मात्र उघड्या चेहऱ्यानं, पाठीला बॅगा लावून चालत आले होते.

आता फ्रान्स. तिथला कायदा २०१० चा, अंमल ११ एप्रिल २०११ पासून. सार्वजनिक जागी चेहरा झाकला तर १५० युरोपर्यंत दंड. त्यातही धर्माचं नाव नाही, तुमच्या मसुद्यासारखंच. आरोग्य, खेळ, सणसोहळे आणि हेल्मेट यांना सूट. कायदा लागू झाला त्याच दिवशी एका तरुणीनं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. निकालात तिचं नाव नाही, एस. ए. एस. एवढी आद्याक्षरं आहेत. तिचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं: बँकेत, विमानतळावर, तपासणीला मी चेहरा दाखवीन, त्याला माझी ना नाहीच. १ जुलै २०१४ ला निकाल लागला. ती हरली, पण कशी ते बघा. सरकारनं सुरक्षेचं कारण पुढे केलं होतं, ते न्यायालयानं मानलं नाही. धोका असेल तिथे, ओळख पटवण्यापुरता चेहरा दाखवायला लावणं पुरेसं आहे, सरसकट बंदीची गरज नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. बंदी टिकली ती 'समाजात एकत्र राहण्यासाठी चेहरे दिसायला हवेत' या दुसऱ्याच मुद्द्यावर, आणि १७ पैकी २ न्यायाधीशांना तोही मान्य नव्हता.

म्हणून काका, विनंती अशी. कार्यकारिणीतल्या कोणाला नकाब शेजारी बसलेला नको असेल, तर त्यांनी तसं लिहावं, आपण त्यावर बोलू. मलाही नकाब आवडत नाही. बोलताना समोरच्या बाईचं हसू दिसत नाही, याचा मला त्रास होतो आणि हे मी शेजारीणबाईंशी बोललेही आहे. पण तो माझ्या आवडीचा प्रश्न झाला. त्यावर सुरक्षेचा शिक्का मारून शेजारीणबाईंना दारातून परत पाठवणं मला जमणार नाही.

आणि 'सर्वांना सारखा' म्हणता, तर त्याच दिवशी पहिल्या रांगेत एक आजोबा बसले होते. तोंडावर मास्क, डोक्यावर कानटोपी, वर चष्मा. त्यांना कोणी अडवलं नाही, आणि अडवूही नये.

प्रेषक: दुसरा एक सभासद
उत्तर: दारावरच्या नियमाचा मसुदा

ताई, बरंचसं पटलं. दोन गोष्टी मात्र राहून गेल्या. मी कॅमेऱ्यांच्या यंत्रणांवर काम करतो. जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं चेहरा ओळखणाऱ्या ८९ संगणक प्रणालींना मास्कवाले फोटो दाखवून पाहिले, तर त्यातल्या चांगल्या प्रणालींच्याही चुका ५ ते ५० टक्क्यांवर गेल्या. तेव्हा चेहरा झाकल्यानं काहीच बिघडत नाही असं नाही. दुसरं, एखादीवर घरून सक्ती असेल तर? बंदीमुळे तिची तरी सुटका होते, असं मला वाटत आलंय.

प्रेषक: एक सभासद
उत्तर: दारावरच्या नियमाचा मसुदा

कॅमेऱ्याचं कबूल. म्हणूनच दारावर माणूस हवं. कॅमेरा जिथे चुकतो तिथे कार्ड हातात घेतलेली बाई सहसा चुकत नाही. कॅनडातल्या झुनेरा इशाक नागरिकत्वाच्या शपथेच्या वेळी हेच म्हणत होत्या: आधी बाजूला महिला अधिकाऱ्याला चेहरा दाखवते, शपथ नकाबात घेते. सरकारनं २०११ पासून शपथेला चेहरा उघडा हवा असा दंडक घातला होता. २०१५ मध्ये त्या कोर्टात जिंकल्या आणि ऑक्टोबरात तशीच शपथ घेतली. ओळख पटवण्यात कुठेही कसूर झाली नाही.

सक्तीचा प्रश्न मला तुमच्यापेक्षा कमी छळत नाही. पण सक्ती झालेल्या बाईला दारातून परत लावलं तर ती जाते कुठे? ज्या घरात सक्ती होते त्याच घरात. दंडही तिच्याच नावावर. फ्रेंच कायद्यात सक्ती करणाऱ्याला एक वर्ष कैद आणि ३०,००० युरो दंड असं वेगळं कलम आहे, ते मला योग्य वाटतं. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनं दोन फ्रेंच महिलांच्या बाजूनं मत दिलं तेव्हा हीच काळजी मांडली होती, की अशा बंदीनं बायका घरातच कोंडल्या जातील. माझ्या शेजारणीवर सक्ती आहे का, मला माहीत नाही. आमच्या चार गप्पा आणखी झाल्या तर कधीतरी कळेल. त्या दिवशी त्या आत आल्या असत्या तर मध्यंतरात झाल्या असत्या.

मसुदा असा करू या: 'प्रवेशाच्या वेळी ओळख पटवण्यासाठी चेहरा दाखवावा लागेल. ज्यांना आडोसा हवा त्यांच्यासाठी आत सोय आहे; तिथे महिला स्वयंसेवक असेल. त्यानंतर नकाब किंवा मास्क घालून बसण्यास हरकत नाही.' रक्षकालाही हाच कागद द्यायचा, आणि कार्यक्रमाआधी समोर बसून समजावून सांगायचा.

यासाठी दारावर सतत एक बाई हवी. पहिली पाळी मी करते. मध्यंतरानंतरच्या पाळीला कोण येतंय? नाव रविवारपर्यंत कळवा. शेजारीणबाईंना मी अजून पुन्हा बोलावलेलं नाही. हे ठरलं की मगच त्यांच्या दारावर थाप मारीन.

प्रेषक: सहसचिव, कार्यकारिणी
उत्तर: दारावरच्या नियमाचा मसुदा

ताई, आधीची ओळ मागे घेतो. तुमचा मसुदा कार्यकारिणीपुढे ठेवतो, माझे मत त्याच्या बाजूने. 'चेहरा दाखवावा लागेल' हे मास्क लावणाऱ्या आजारी मंडळींनाही लागू राहील, तेवढे स्पष्ट लिहू. मध्यंतरानंतरच्या पाळीला आमच्या सौ. येतील. आडोशासाठी घरचा घडीचा पडदा आणतो.